इंग्रजी वर्णयोजना आणि भंडाऱ्याची स्थळनामे : एका संशोधनसाधनाचा विचार

१. प्रास्ताविक

विदर्भाच्या अर्वाचीन इतिहासाचा अभ्यास करणाऱ्यास इंग्रजी साधनांवाचून गत्यंतर नाही. १८५४ मध्ये नागपूरचे राज्य खालसा झाले व १८६१ मध्ये मध्यप्रांताची घडण झाली. तेव्हापासूनचे जमाबंदीचे अहवाल, गॅझेटियरे, खानेसुमारीची कोष्टके आणि नकाशे ही सर्व सामग्री मुख्यतः इंग्रजीत आहे. तीत गावांची, तलावांची व किल्ल्यांची नावे रोमन लिपीत आली आहेत. अभ्यासकापुढे पहिली अडचण येते ती येथेच. आपल्याला ठाऊक असलेले गाव इंग्रजी सूचीत कोणत्या अक्षराखाली शोधावयाचे? आणि इंग्रजी पानावर दिसणारे नाव आपल्या परिचयाचे कोणते गाव मानावयाचे?

हा प्रश्न केवळ लेखनिकाच्या सोयीचा नाही. भंडारा हा तलावांचा प्रदेश आहे. १९११ च्या इंग्रजी विश्वकोशात या जिल्ह्यातील लहानमोठ्या तळ्यांची व तलावांची संख्या ३,६४८ दिली असून, त्यामुळे यास नागपूरचा सरोवरप्रदेश म्हणतात, असेही नमूद केले आहे. या तलावांच्या पाण्यावरील हक्क, निस्ताराचे हक्क आणि मालगुजाराची मालकी यांच्या नोंदी गावाच्या नावाने झाल्या. १९५० च्या कायद्याने मालगुजारी संपली, तरी जुन्या हक्कांचा विचार करताना त्या नोंदींकडे वळावेच लागते. गावाची ओळख चुकली तर एका तलावाचा इतिहास दुसऱ्या तलावास चिकटतो आणि ती चूक पुढे ग्रंथोग्रंथी उतरत जाते.

प्रस्तुत लेखात मांडावयाचे आहे ते थोडक्यात असे. इंग्रजी साधनांत स्थळनाम शोधताना अख्खा शब्द शोधून पुरत नाही. विशिष्ट अक्षरे व अक्षरांच्या जोड्या ज्यांत आहेत असे शब्द शोधावे लागतात. या अक्षरजोड्यांना स्वतःचा इतिहास आहे, आणि तो ध्यानात घेतला म्हणजे जी वर्णयोजना अडथळा वाटते तीच पुष्कळदा पुरावा ठरते. सोयीसाठी रोमन अक्षरे येथे त्यांच्या नावांनीच देवनागरीत लिहिली आहेत.

२. वर्णयोजनेच्या परंपरा

एकाच गावाची इंग्रजी रूपे अनेक असण्याचे कारण लेखनिकांचा निष्काळजीपणा एवढेच नव्हे. भारतीय नावे रोमन लिपीत लिहिण्याच्या निरनिराळ्या परंपरा एकामागून एक प्रचारात आल्या व काही काळ शेजारी शेजारीही नांदल्या.

सर विल्यम जोन्स याने १७८४ मध्ये कलकत्त्यास एशियाटिक सोसायटी स्थापन केली. तिच्या संशोधनग्रंथाच्या १७८८ मधील पहिल्या खंडात त्याने आशियाई शब्दांच्या रोमन लेखनावर निबंध लिहिला. व्यंजने इंग्रजीप्रमाणे व स्वर इटालियनप्रमाणे, असे त्याच्या पद्धतीचे सामान्य सूत्र सांगता येईल. पुढे फोर्ट विल्यम कॉलेजातील जॉन गिलख्रिस्ट याने इंग्रज कानाला जवळची दुसरी पद्धत रूढ केली. तीत ऱ्हस्व 'अ'साठी 'यू', दीर्घ 'ई'साठी 'ई-ई' आणि 'ऊ'साठी 'ओ-ओ' अशी योजना होती. लष्करी व मुलकी अधिकाऱ्यांना हीच सोपी वाटली. १८१७ च्या नोव्हेंबरात सीताबर्डीची लढाई झाली, तिचे नाव त्या काळच्या इंग्रजी कागदांत 'एस-ई-ई-टी-ए-बी-यू-एल-डी-ई-ई' असे दिसते ते याच वळणामुळे. १८२७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या रिचर्ड जेंकिन्स याच्या अहवालाच्या शीर्षकात नागपूरचा शेवट 'पी-ओ-आर-ई' असा आहे. वैनगंगेचे नाव या काळात 'डब्ल्यू-वाय-एन-ई' असे आरंभून पुढे 'जी-यू-एन-जी-ए' लिहिलेले आढळते. आजच्या रूपाची सवय असलेला वाचक सूचीत ते शोधू लागला तर त्यास ते अपेक्षित जागी सापडणार नाही.

तिसरा टप्पा विल्यम विल्सन हंटर याचा. भारतीय विशेषनामांच्या शुद्धलेखनासंबंधी त्याचे मार्गदर्शक पुस्तक १८७१ मध्ये कलकत्त्यास निघाले. त्यास टपालाच्या गावांची यादीही जोडलेली होती. हंटरने जोन्सच्या स्वरयोजनेचा आधार घेतला, दीर्घ स्वरांवर चिन्ह ठेवले, मात्र मुंबई, कलकत्ता यांसारख्या नावांची रूढ झालेली इंग्रजी रूपे तशीच राहू दिली. आपल्या प्रांतापुरते पाहिले, तर चार्ल्स ग्रँट याने संपादिलेल्या मध्यप्रांताच्या गॅझेटियरची दुसरी आवृत्ती १८७० मध्ये नागपुरास निघाली, तीतही दीर्घ स्वर चिन्हांकित केलेले दिसतात. पुढे रोजच्या कारभारात ही चिन्हे गळाली. परिणामी आजच्या इंग्रजी रूपात 'ए' हे एकच अक्षर 'अ' आणि 'आ' या दोहोंचे काम करते.

यावरून पहिला निष्कर्ष निघतो तो कालनिर्णयाचा. 'यू' व 'ओ-ओ' यांनी भरलेले रूप बहुधा हंटरपूर्व परंपरेतील, चिन्हांकित 'ए' असलेले रूप एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धातील अथवा विसाव्याच्या आरंभीच्या शास्त्रीय लेखनातील, आणि चिन्हरहित रूप उत्तरकालीन कारभारातील असा स्थूल क्रम लावता येतो. तारीख नसलेल्या नकाशाचा अथवा नकलेचा काळ ठरविताना हे साहाय्यक प्रमाण म्हणून वापरता येते. मात्र साहाय्यक एवढेच. कारण जुन्या नकाशाच्या नकलेत जुनी रूपे तशीच उतरतात.

३. लपलेला 'व'

भंडारा व शेजारच्या जिल्ह्यांतील इंग्रजी रूपे एकत्र मांडली म्हणजे एक गोष्ट चटकन नजरेत भरते. नावाच्या मध्ये येणारा मराठी 'व' इंग्रजीत 'व्ही' अथवा 'डब्ल्यू' या अक्षराने नेहमी व्यक्त होत नाही. तो शेजारच्या स्वरात विरघळून 'ओ' किंवा 'यू' बनतो. देवरी, देवगड आणि देवळी या तिन्ही नावांच्या इंग्रजी रूपांचा आरंभ 'डी-ई-ओ' असा होतो. सिवनीचे इंग्रजी रूप 'एस-ई-ओ-एन-आय'. यवतमाळचे जुने रूप 'वाय-ई-ओ-टी-एम-ए-एल'. १९०५ मध्ये वणी जिल्ह्याचे नाव बदलले ते याच रूपात. गावांच्या नावांतील 'गाव' तर सर्वत्र 'जी-ए-ओ-एन' असाच येतो.

यावरून असा नियम मांडता येईल, की या प्रदेशाच्या स्थळनामांत 'ई-ओ' अथवा 'ए-ओ' ही जोडी दिसली तर तेथे बहुधा 'व' लपला आहे असे समजून मूळ रूप शोधावे. हा नियम पवनीस विशेष लागू पडतो. वैनगंगेच्या काठच्या या प्राचीन नगरीचे नाव इंग्रजीत कधी 'पी-ए-ओ-एन-आय', तर कधी 'पी-ए-यू-एन-आय' असे येते. दुसरे रूप वाचून परप्रांतीय अभ्यासक 'पौनी' असा उच्चार करतो व नावाच्या व्युत्पत्तीचा विचार करू लागतो, तेव्हा 'व' त्याच्या हिशेबातच नसतो. शिवाय नागपूर जिल्ह्यात रामटेककडेही एक पवनी आहे. भंडाऱ्याच्या पवनीत जगन्नाथ टेकडीचा स्तूप १९६९-७० च्या उत्खननात उजेडात आला. नुसते इंग्रजी नाव हाती धरून चालणाऱ्यास या दोन पवनी वेगळ्या ठेवता येणार नाहीत.

सिवनीच्या बाबतीत हा धोका अधिक आहे. भंडारा जिल्ह्याच्या मोठ्या तलावांत इंग्रजी वर्णने नवेगावच्या जोडीला जे 'एस-ई-ओ-एन-आय' नाव देतात, ते साकोलीकडचे शिवनीबांध होय. तीच पाच अक्षरे उत्तरेकडील सिवनी जिल्ह्याचेही नाव आहेत. मध्यप्रांताच्या सबंध प्रांताच्या सूचीत ही दोन्ही एकाच जागी येतात, आणि जिल्ह्याच्या मुख्य ठिकाणासंबंधीची नोंद तलावाच्या गावास लागण्यास एवढे निमित्त पुरते.

४. 'डी' आणि 'आर'

दुसरी जोडी 'डी' व 'आर' यांची. मराठीतील 'ड' दोन स्वरांच्या मध्ये आला म्हणजे त्याचा उच्चार जिभेच्या झटक्याने होतो. हिंदीत त्यासाठी 'ड'खाली बिंदू देतात. मराठी लेखनात तसा भेद दाखवीत नाहीत. इंग्रजाच्या कानाला हा ध्वनी 'आर'च्या जवळचा वाटला. शिवाय सागर व नर्मदा प्रदेश आणि नागपूर प्रदेश १८६१ मध्ये एका प्रांतात आले. त्यामुळे हिंदी भागातील लेखनाचे वळण मराठी भागातील नावांवरही पडले असावे असे दिसते. मराठी 'गड'च्या जागी हिंदी 'गढ' धरून 'जी-ए-आर-एच' लिहिण्याचा प्रघात या प्रांतात रूढ झाला. मुंबई इलाख्याच्या परंपरेत हाच शब्द पुढे 'जी-ए-डी' असा आला. म्हणून तुमसरकडचा आंबागड, साकोलीकडची सानगडी, गडचिरोलीकडचे वैरागड ही सर्व नावे मध्यप्रांताच्या ग्रंथांत 'आर-एच'खाली शोधावी लागतात. आंबागडाच्या बाबतीत आणखी सावधगिरी हवी, कारण छत्तीसगडात अंबागढ चौकी या नावाचे वेगळे ठिकाण आहे.

या प्रघाताचा ठसा किती खोल उमटतो याचे उदाहरण तिरोडा. पूर्वीच्या भंडारा जिल्ह्यातील आणि १ मे १९९९ पासून गोंदिया जिल्ह्यात असलेले हे गाव मराठीत तिरोडा असून इंग्रजीत आजही 'टी-आय-आर-ओ-आर-ए' असेच लिहिले जाते. यातील पहिला 'आर' मराठी 'र'चा आहे, दुसरा 'ड'चा. एकाच शब्दात एकच अक्षर दोन मराठी वर्णांचे काम करीत असता, मूळ नाव न जाणणारा वाचक त्यांतील भेद कसा ओळखणार? इंग्रजी रूपावरून पुन्हा देवनागरीत लिहिताना 'तिरोरा' होतो तो यामुळेच. सीताबर्डीच्या नावात तर 'र'च्या जागी 'एल' आला आहे. म्हणजे 'आर', 'डी' आणि 'एल' ही तीन अक्षरे शोधकाने परस्परांची पर्यायी मानूनच चालले पाहिजे.

आद्याक्षराचा प्रश्न याहूनही बिकट असतो, कारण सूचीतील जागा त्यावरच ठरते. वैरागडाच्या हिऱ्यांच्या खाणींचा उल्लेख ऐने-अकबरीत आहे. पण तेथे फारसी वळणाने नावाचा आरंभ 'ब'ने होतो आणि इंग्रजी भाषांतरात तो 'बी'ने उतरला. मध्यप्रांताच्या गॅझेटियरांत तेच नाव 'डब्ल्यू'खाली आहे. वऱ्हाड आणि त्याचे 'बी'ने आरंभणारे इंग्रजी नाव यांचा संबंधही याच जातीचा.

५. भाणार आणि भंडारा

आता जिल्ह्याच्या नावाकडे वळू. रत्नपूरच्या कलचुरी घराण्यातील पहिल्या जाजल्लदेवाचा शिलालेख कलचुरी संवत् ८६६, म्हणजे इसवी सन १११४ चा आहे. कीलहॉर्न याने तो एपिग्राफिया इंडिकाच्या पहिल्या खंडात छापला. पुढे महामहोपाध्याय वा. वि. मिराशी यांच्या कलचुरी-चेदि लेखांच्या १९५५ मधील संग्रहात त्याचे पुन्हा संपादन झाले. जाजल्लदेवास वार्षिक खंडणी देणाऱ्या मंडलांच्या यादीत वैरागर, लांजिका व भाणार ही नावे लागोपाठ येतात. वैरागर म्हणजे वैरागड आणि लांजिका म्हणजे बालाघाटकडील लांजी. त्यांच्या सोबतीवरून भाणार म्हणजे भंडारा ही ओळख सहज पटते.

येथे लक्षात घेण्याजोगी गोष्ट ही, की बाराव्या शतकातील या रूपात 'ड' नाही. गॅझेटियरकारांनीही भंडारा हे भनारा या रूपाचे बदललेले रूप मानून त्याचा संबंध पितळेच्या ताटाच्या अर्थी असलेल्या 'भाना' या शब्दाशी जोडला. मराठीत 'भाणे' आणि 'भांडे' हे दोन निराळे शब्द आहेत. पहिल्याचे मूळ संस्कृत 'भाजन' शब्दाकडे जाते, दुसऱ्याचे 'भाण्ड' शब्दाकडे. म्हणजे 'एन'च्या पुढे 'डी' आहे की नाही, या एका अक्षराच्या प्रश्नावर नावाची व्युत्पत्ती अवलंबून आहे. इंग्रजी रूप पाहणारा अभ्यासक 'भांडार' अथवा 'भांडे' या शब्दांकडे ओढला जातो. शिलालेखातील रूप त्याला दुसऱ्या वाटेने नेते.

याचा दोष सर्वस्वी इंग्रजी लेखनिकास देता येणार नाही. मराठीतील रूढ रूपातही 'ड' आहेच. तथापि छापील सूची, टपाल, रेल्वे आणि न्यायालये यांच्याद्वारे एक रूप कायम करण्याचे काम इंग्रजी कारभाराने केले यात शंका नाही. पूर्वी लोकव्यवहारात दोन रूपे शेजारी शेजारी राहू शकत. छापील यादीत एकच राहते.

अक्षरसाम्याच्या मोहाविषयीही येथेच सांगितले पाहिजे. पवनीस भगदत्त या भार राजाचा शिलालेख मिळाला असून तो मिराशींनी प्रसिद्ध केला आहे. 'भार' आणि 'भाणार' या नावांत अक्षरे जुळतात, प्रदेशही एकच. परंतु मधल्या 'णा'चा उलगडा झाल्याखेरीज एवढ्यावरून नावाची उपपत्ती लावणे धाडसाचे होईल. अक्षरसाम्य प्रश्न उपस्थित करते. उत्तर दुसऱ्या प्रमाणांनी द्यावे लागते.

६. झाडीबोलीची साक्ष

आतापर्यंत रोमन लिपीची अपूर्णता हीच सर्व घोटाळ्याचे मूळ आहे असे आपण धरून चाललो. 'एन' हे अक्षर 'न' व 'ण' यांत, आणि केवळ 'एस' हे 'स' व 'श' यांत भेद करीत नाही, ही लिपीची उणीव खरीच. परंतु भंडाऱ्याच्या बाबतीत दुसरी शक्यता विचारात घेतली पाहिजे. या जिल्ह्याची लोकभाषा झाडीबोली. या बोलीचे अभ्यासक हरिश्चंद्र बोरकर यांनी तिच्या वर्णव्यवस्थेची जी चर्चा केली आहे, तीवरून तिच्यात 'ण', 'ळ', 'श', 'ष', 'छ' हे वर्ण नाहीत. 'ण'च्या जागी 'न', 'श'च्या जागी 'स', आणि 'ळ'च्या जागी पुष्कळदा 'र' येतो. डोळा हा शब्द 'डोरा' असा ऐकू येतो.

हे ध्यानात घेतले म्हणजे शिवनीबांधच्या इंग्रजी नावातील 'एस' निराळा दिसू लागतो. हंटरच्या पद्धतीत 'श'साठी 'एस-एच' ही सोय होती. तरी लेखनिकाने नुसता 'एस' लिहिला, तो कदाचित त्याने गावात 'सिवनी' असेच ऐकले म्हणून. गॅझेटियरातील 'भनारा' या रूपातही शिलालेखातील 'ण' नाही. तोही स्थानिक 'न'चा प्रतिध्वनी असू शकेल. देवनागरीत लिहिणारा तलाठी अथवा शिक्षक गावाचे नाव प्रमाण मराठीप्रमाणे शुद्ध करून लिहितो. परका लेखनिक जे कानावर पडले ते लिहितो. म्हणून काही प्रसंगी रोमन रूपात मूळचा स्थानिक उच्चार टिकला आणि देवनागरीत तो पुसला गेला, असे घडणे असंभाव्य नाही. ज्या बोलीचे जुने लिखित साहित्य थोडे आहे, तिच्या अभ्यासकास हा आधार टाकून देण्याजोगा खचितच नाही.

७. पद्धती आणि तिच्या मर्यादा

अज्ञात शब्दाकडे अक्षरांच्या वाटेने जाण्याची पद्धती आपल्या विद्येस नवीन नाही. सांची येथील अनेक लहान लेखांच्या शेवटी तीच दोन अक्षरे येतात हे १८३७ मध्ये जेम्स प्रिन्सेप याच्या ध्यानी आले. ती 'दानं' या शब्दाची असावीत असा तर्क त्याने केला आणि ब्राह्मी लिपीच्या वाचनाचा मार्ग मोकळा झाला. शब्दाचा अर्थ कळण्यापूर्वी अक्षराची जागा व तिची पुनरावृत्ती पाहावी, हे सूत्र आपल्या कामासही लागू आहे.

छापील सूची आद्याक्षराने लावलेली असते, त्यामुळे शब्दाच्या मध्ये वा शेवटी असलेली अक्षरे तीत शोधता येत नाहीत. यासाठी प्रत्येक नावाचे स्वतंत्र टिपणपत्र करावे. त्यावर इंग्रजी रूप, ग्रंथ व वर्ष, आजचे मराठी नाव, शक्य असेल तेथे गावातील उच्चार, आणि 'ई-ओ', 'आर-एच', 'एन-डी' यांसारख्या जोड्यांची खूण असावी. मग तीच पत्रे अंत्याक्षरांप्रमाणे अथवा जोड्यांप्रमाणे पुन्हा लावता येतात. आता जुने ग्रंथ यंत्रावर वाचण्याजोगे झाल्याने अक्षरांच्या आधारे शोध घेणे क्षणाचे काम झाले आहे. पण यंत्रास जी अक्षरे सांगावी तीच ते शोधते. 'पवनी'साठी 'व्ही' घालून शोध घेणाऱ्यास यंत्र काही मिळाले नाही असे सांगेल, आणि साधनांत पवनीचा उल्लेखच नाही असा त्याचा समज होईल. शिवाय चिन्हांकित स्वर वाचताना यंत्र पुष्कळदा चुकते. त्यामुळे ज्या ग्रंथांनी अधिक काळजीने लेखन केले त्यांतीलच नावे हातची निसटतात.

अक्षरांवरून मिळतात ते उमेदवार. निवड करावयाची ती भूगोलाने. नदी, जवळची गावे, अंतर, परगणा व तहसील यांचा मेळ बसल्यावाचून कोणतीही ओळख पक्की मानू नये. भाणार म्हणजे भंडारा हे आपण स्वीकारले ते वैरागर व लांजिका यांच्या सोबतीमुळे, केवळ ध्वनिसाम्यामुळे नव्हे.

रसेल याने संपादिलेले भंडारा जिल्ह्याचे १९०८ चे गॅझेटियर, १९६१ च्या खानेसुमारीचे जिल्हापुस्तक आणि महाराष्ट्र शासनाचे १९७९ चे गॅझेटियर ही तीन साधने समोर ठेवून एकेका तहसिलीच्या नावांची अशी पत्रे करणे हे पदव्युत्तर विद्यार्थ्यांच्या आवाक्यातील काम आहे. त्यास गावोगावच्या उच्चारांची जोड आजच दिली पाहिजे. छापील रूपे ग्रंथालयात आणखी पुष्कळ वर्षे राहतील. 'सिवनी' आणि 'भनारा' म्हणणारी तोंडे मात्र दिवसेंदिवस कमी होत आहेत.